दोन गुरुवार

दुसऱ्या मजल्यावरच्या तारवाल्यांना मी प्रथम पाहिले ते जिन्यात, मान वर करून उभे असलेले. छताच्या कडेने कोणीतरी नुकतीच एक काळी तार ओढून नेली होती. तिला मध्येच झोळ पडला होता आणि एका ठिकाणी ती खिळ्याला नुसतीच गुंडाळली होती. गवयाच्या कानावर शेजारच्या खोलीतून बेसूर यावा आणि उठून दार लावण्याचीही सोय नसावी, तसा त्यांचा चेहरा झाला होता. "ही काय तार झाली? यावर कपडे वाळत घाला," ते मला म्हणाले. आमची ओळख झाली ती एवढ्याच वाक्याने. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो ती तार कोपऱ्याशी ओळंब्यात, हातभर अंतरावर एकेक चिमटा मारून, सरळ बसवलेली. त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि माझ्या आठवणीप्रमाणे कोणी आभारही मानले नाहीत.

टेलिफोन केंद्रात त्यांनी सदतीस वर्षे लाइनमन म्हणून काढली. खरे नाव पत्रपेटीवर आहे, पण इमारतीत ते कोणाच्या तोंडी नाही. घराघरांतले बोलणे ज्यांच्या बोटांतून वाहत गेले, त्या माणसाला 'तारवाले' याहून दुसरे नाव शोभलेही नसते. त्यांच्या धंद्याचे दोन नियम होते आणि ते त्यांनी एखाद्या व्रतासारखे पाळले. पहिला असा, की उघडा जोड म्हणजे उघडी जखम. जोड पेटीत ठेवायचा, दार लावायचे, कुलूप घालायचे, कुलूप एकदा ओढून पाहायचे आणि मगच खांबावरून उतरायचे. मागे कोणी वाट पाहत असो, पाऊस असो, पेटी उघडी टाकून पाऊल उचलायचे नाही.

दुसरा नियम पहिल्याहून कठीण होता. लाइनमनच्या कमरेला चाचणीचा फोन लटकत असतो. तो कोणत्याही तारेला लावावा आणि जगात कुठेही बोलावे. पकडणारा कोणी नसतो. तारवाले दुसऱ्याच्या तारेवर एक शब्दही बोलले नाहीत. "तार ज्याची, बोलणं त्याचं," एवढेच ते म्हणत. या वाक्याची किंमत त्यांनी कशी मोजली ते मला पुष्कळ उशिरा कळले. त्यांची अक्का लग्न होऊन दूर देशी गेली तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते, त्यांच्या स्वतःच्या घरी फोन नव्हता, आणि रोज दहा-बारा खांबांवर चढून ते इतरांचे फोन सुरू करून देत होते. अक्काचा क्रमांक पाठ होता. कमरेचा फोन हाताशी होता. खांबाच्या टोकाशी बसून ते तो क्रमांक मनातल्या मनात म्हणत आणि खाली उतरत.

या अक्काविषयी सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. ती त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा हे चार वर्षांचे होते, आणि त्या दिवसापासून यांची वाचाच बसली. वर्षभर मूल बोलेना. वडील हताश झाले, शेजारी मुका म्हणू लागले. बारा वर्षांची अक्का त्याला रोज खिडकीशी उजेडात समोर बसवी आणि एकेक अक्षर ओठांनी आकारून दाखवी. आधी आवाज नाही, नुसते ओठ. मूल पाहत राही. एके दिवशी त्याने ते ओठ परत केले, आणि आणखी काही दिवसांनी त्यांत आवाज आला. आपल्या प्राचीन तार्किकांनी शब्द हा आकाशाचा गुण मानला आहे. तारवाल्यांच्या बाबतीत तो अक्काच्या ओठांचा गुण होता, असे म्हटल्यास तार्किकांनी रागावू नये.

काळाने या कथेची दिशा उलटी फिरवली. चार वर्षांपूर्वी अक्काचे कान पूर्ण गेले. टेलिफोन निरुपयोगी झाला. सदतीस वर्षे आवाज वाहून नेणाऱ्या भावाचा आवाज तिच्यापर्यंत नेणारी तार जगात उरली नाही. तेव्हा तिच्या मुलाने, म्हणजे तारवाल्यांच्या भाच्याने, मामाला एक पातळसा लॅपटॉप पाठवला, घरात इंटरनेट घ्यायला लावले आणि स्वतःच्या घरी आईसमोर भिंतभर पडदा लावला. दर गुरुवारी दुपारी चार वाजता, म्हणजे तिच्याकडच्या सकाळी, तारवाले आतल्या खोलीत खिडकीसमोर बसत. उजेड तोंडावर पडला पाहिजे, हा अक्काचा हुकूम. ते सावकाश बोलत आणि ती पडद्यावरचे त्यांचे ओठ वाची. घरातल्या नातवंडांचे भराभर हलणारे ओठ तिला वाचता येत नसत, मुलाचेही अर्धेमुर्धेच. भावाचे मात्र एक अक्षर सुटत नसे. ते आकार तिनेच घडवले होते.

आणि आता तिचे डोळे जात होते. गेल्या वर्षी वैद्यांनी सांगितले की दृष्टीचा मध्य विरत चालला आहे. कडा राहतील, मध्य राहणार नाही. पुस्तकातली अक्षरे आधीच गेली, पाटीवर लिहिलेली मोठी अक्षरेही गेली. पडद्यावरचे ओठ तळहाताएवढे असल्यामुळे तेवढे उरले होते. किती दिवस उरतील, या प्रश्नाला वैद्यांनी खांदे उडवले. तारवाल्यांनी त्या दिवसापासून काळ महिन्यांत मोजणे सोडून दिले. अजून किती गुरुवार, एवढाच हिशेब त्यांच्यापाशी राहिला, आणि त्याचे उत्तर कोणापाशीच नव्हते.

दर गुरुवारी उठण्यापूर्वी अक्का विचारी, "येतोस का?" भाचा तिकीट पाठवायला तयार होता. तारवाले कधी गुडघा पुढे करीत, कधी छताची गळती, कधी तिकडची थंडी. खरे कारण त्यांच्या पत्नीला ठाऊक होते आणि त्या ते चारचौघांत सांगत: "जमिनीला तारेनं बांधलेलं नसेल त्यात हे पाय ठेवायचे नाहीत. विमानाला तार लावा, उद्या जातील."

आता एका पेटीकडे यावे लागते.

इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या माणसांनी बाहेरच्या खोलीतल्या भिंतीवर राउटर टांगला होता. वीतभर लांबीचे काळे खोके, त्याचे दोन शिंगांसारखे कान, आणि खाली लोंबणारा तारांचा गुंता. साडेतीन वर्षे तारवाल्यांनी तो गुंता सहन केला. टेलिफोन केंद्र बंद होऊन तिथले सामान भंगारात निघाले त्या वेळी साहेबांकडे शब्द टाकून त्यांनी एक जोडपेटी मागून घेतली होती. जाड लोखंडी पत्र्याची, आतून रबरी पट्टी लावलेली, धूळ आणि पाण्याचा थेंब शिरणार नाही अशी. ती माळ्यावर होती. त्यांनी ती खाली काढली, घासली, राखाडी रंग दिला, तारांसाठी नेमकी भोके पाडून त्यांत रबराच्या चकत्या बसवल्या. तीन आठवडे हे काम चालले होते. एका मंगळवारी राउटर पेटीत विराजमान झाला, दार लागले, कुलूप पडले. भिंत स्वच्छ दिसू लागली. पत्नी म्हणाल्या, "चोराला वाटेल आत दागिने आहेत. येईल आणि हिरवे दिवे घेऊन जाईल बिचारा." पत्नींचे हे बोलणे तारवाल्यांना ऐकू आले नाही, इतके ते समाधानात होते. मलाही मुद्दाम बोलावून त्यांनी पेटी दाखवली. काम खरोखर देखणे होते, हे आजही मी नाकारणार नाही.

तिसऱ्या दिवशी गुरुवार होता. चारला पाच मिनिटे असताना त्यांनी लॅपटॉप उघडला. जोडणी नव्हती.

भाच्याने फोनवरून सूत्रे हाती घेतली. तारवाल्यांचा फोन जुना, बटनांचा. तो कानाला लावून ते पडद्यावर दिसेल ते सांगत गेले. भाच्याने विचारले, खाली उजव्या कोपऱ्यात पंख्यासारखी खूण आहे का.

"पंखा नाही. पृथ्वीचा गोल आहे, आणि त्यावर काट मारलीय."

"पृथ्वीवरच काट मारली?" पत्नी मागून म्हणाल्या. "मग आता उरलं काय?"

विमानाचे चित्र पेटलेले आहे का, असे भाच्याने विचारताच तारवाल्यांनी ते दोनदा निरखून पाहिले. ते विझलेलेच होते आणि त्याबद्दल त्यांना बरेही वाटले असावे. यादी उघडा म्हटल्यावर यादी उघडली. तीत खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचे वायफाय होते, समोरच्या दंतवैद्याचे होते, आणखी कुणा अनोळखी माणसाचेही होते. फक्त स्वतःच्या घराचे नाव नव्हते. राउटर बंद करून, तीस अंक मोजून, पुन्हा सुरू करा, असे भाचा म्हणाला. तारवाले बाहेरच्या खोलीत गेले, कुलूप काढले, दार उघडले, राउटर बंद केला, तीस मोजले, सुरू केला, सगळे दिवे हिरवे होईपर्यंत उभे राहिले. मग दार लावले, कुलूप घातले, ओढून पाहिले आणि आतल्या खोलीत आले. पृथ्वीवर काट होती.

लॅपटॉप पेटीजवळ नेऊन पाहिला तेव्हा एक फिकट रेघ उमटली आणि विझली. यावरून राउटरचा आवाज बसला असावा, असे तारवाल्यांनी ठरवले. शेवटी भाचा म्हणाला, लॅपटॉपला जुनी ओळख विसरायला सांगू, मग पासवर्ड घालून नव्याने ओळख करून देऊ. तारवाल्यांचा हात तिथे थांबला. जी ओळख लागत नाही तीही विसरून टाकली तर मग कशाच्या आधारावर शोधायचे, असे त्यांचे म्हणणे. भाच्याने समजावले, ते ऐकेनात. पाच वाजून गेले. पलीकडे भिंतभर पडद्यासमोर अक्का तासभर बसून होती, असे भाच्याने फोन ठेवता ठेवता सांगितले.

तार असती तर हा प्रश्नच नव्हता. माळ्यावर त्यांच्यापाशी निरनिराळ्या जाडीच्या तारांची वेटोळी होती. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत एक तार ओढायची, काम संपले. रात्र व्हायच्या आत त्यांनी ती मोजून कापलीही. पण त्या पातळ यंत्राच्या कडा त्यांनी चष्मा लावून चारही बाजूंनी चाचपल्या आणि पत्नीला म्हणाले, "यात तारेला भोकच ठेवलेलं नाही." हे वाक्य त्यांनी मला सांगितले तेव्हा त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. देवळाची पायरी चढून जावे आणि गाभाऱ्याला दारच नसावे, तसा काहीसा भाव होता.

शुक्रवारी ते लॅपटॉप घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकान एका बाईंचे. त्या स्वतःच दुरुस्ती करतात. चहाच्या कपाएवढ्या जागेत सात-आठ उघडी यंत्रे आणि त्यांमध्ये त्यांचे दोन शांत हात. त्यांनी लॅपटॉप उघडला आणि अर्ध्या मिनिटात तो दुकानातल्या वायफायला जोडला. "काका, हा ठणठणीत आहे." तारवाल्यांनी घरची परिस्थिती सांगितली. बाईंनी ठेवून घेतला, आतले काहीबाही नवे केले, चार दिवस चालवून पाहिला, एकदाही तुटला नाही. बुधवारी परत देताना म्हणाल्या, उद्या चार वाजता इथेच या, माझ्या वायफायवर निवांत बोला, मी दार ओढून घेईन. तारवाल्यांनी मान खाली घातली. तार ज्याची, बोलणं त्याचं. हे त्यांनी बाईंना सांगितले नाही. घरी जाऊन पाहतो म्हणाले.

घरी पृथ्वीवर काट होती. कंपनीला फोन लावला, तिथल्या मुलीने विचारले, दिवे हिरवे आहेत ना? त्यांनी पेटी उघडून पाहिले, सगळे हिरवे होते, पेटी लावून सांगितले, हो. "मग आमच्याकडून सगळं ठीक आहे." दोन्ही बाजू निरोगी आणि मध्ये बोलणे बंद, असे नात्यांत त्यांनी पाहिले होते, यंत्रांत पहिल्यांदाच पाहत होते.

दुसरा गुरुवार असाच उजाडला. खालच्या बिऱ्हाडातल्या सूनबाई स्वतः वर आल्या आणि आपला पासवर्ड कागदावर लिहून द्यायला तयार झाल्या. तारवाल्यांनी त्यांचे मनापासून आभार मानले आणि नको म्हटले. त्या गेल्यावर पत्नींचा संयम संपला. त्यांचा आवाज शेजारच्या माझ्या बिऱ्हाडात भिंतीपलीकडून ऐकू आला, म्हणजे तो किती चढला असेल याची कल्पना यावी.

"खांबावर बसून नाही बोललात, ठीक आहे. तेव्हा नोकरी होती. आता कोणता साहेब बघतोय?"

ते काय म्हणाले ते मला ऐकू आले नाही. पुढे त्यांनीच सांगितले. साहेब तेव्हाही बघत नव्हता, एवढेच ते म्हणाले होते. पाच वाजेपर्यंत ते खिडकीच्या उजेडात बसून राहिले.

नंतरचा आठवडा मी जवळून पाहिला. सायंकाळी गच्चीवर बसून ते मला आपल्या शोधाचा वृत्तांत सांगत. लाइनमनच्या विद्येत दोष अर्ध्यावर कापतात. दोन टोकांच्या मधोमध खांब निवडायचा, तिथे तपासायचे; अलीकडे ठीक असेल तर दोष पलीकडे. मग उरलेल्याचा पुन्हा अर्धा. असे करत पाच-सहा खेपांत मैलभर तारेतला हातभर तुकडा सापडतो. "पण इथं हवा आहे," ते म्हणाले. "हवेचा अर्धा कुठे करायचा?" सदतीस वर्षांत त्यांना हार मानावी लागलेले दोष तीन होते आणि त्यांच्या तारखा त्यांना तोंडपाठ होत्या. हा चौथा ठरेल की काय, याची धास्ती नव्हती. गुरुवार जात होते, ही होती. शनिवारनंतर भाच्याचाही फोन आला नाही, आणि अक्काचे कसे आहे हे स्वतःहून विचारायला त्यांना धीर होत नव्हता.

तिसऱ्या गुरुवारी मी त्यांच्या घरीच होतो. लॅपटॉप आतल्या खोलीत खिडकीसमोर उघडून ठेवला होता आणि पत्नी त्याच्यापाशी बसल्या होत्या. चारला दहा मिनिटे असताना तारवाले बाहेर आले, पेटीचे कुलूप काढले, राउटर बंद केला. तीस अंक त्यांनी मोठ्याने मोजले. सुरू केला. पहिला दिवा लागला, दुसरा मिणमिणला, स्थिर झाला. ते हात मागे बांधून उभे होते, रुग्णाच्या उशाशी उभे राहावे तसे. शेवटचा दिवा हिरवा झाला तेव्हा चार वाजून गेले असावेत. त्यांनी दाराला हात घातला.

आतून घंटी वाजली.

"अहो," पत्नींचा आवाज आला. "अक्का आल्या. या लवकर."

मी त्या माणसाला धावताना कधी पाहिले नव्हते. गुडघा विसरून ते धावले. दार उघडे राहिले, किल्ली कुलपात आणि कुलूप जमिनीवर पडले.

आतल्या खोलीच्या उंबऱ्यापाशी मी थांबलो. पडद्यावर एक कृश, पांढऱ्या केसांची वृद्धा होती. ती समोर पाहत नव्हती. तिचे तोंड वळलेले होते, जणू बाजूला कोणीतरी उभे आहे आणि ती त्याच्याकडे पाहते आहे. कान गेलेल्या माणसांचा आवाज मोठा असतो. तो खोलीभर झाला.

"धाकट्या, बसलास का?"

ते बसले. उजेड तोंडावर पडला. ते सावकाश, एकेक अक्षर घडवत म्हणाले, "अक्का, दोन आठवडे जोडणी लागत नव्हती."

अक्का तशीच दुसरीकडे पाहत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "तू बोलत असशील तर बोलू नकोस. तोंड दिसत नाही रे आता. समोर पाहिलं की मधोमध नुसता धुरकट डाग. बाजूला पाहिलं की तू कडेला दिसतोस. डोकं दिसतं. मान हलवलीस तर कळेल."

पडद्याच्या कडेला भाचा दिसला. तो हळू आवाजात म्हणाला, मामा, गेल्या शनिवारी डोळ्यात रक्त उतरलं. फोनवर सांगवेना.

तारवाल्यांचे ओठ काही क्षण उघडेच राहिले. नंतर त्यांनी ते मिटले. गेल्या शनिवारपर्यंत ते ओठ वाचले जात होते, म्हणजे मागचे दोन्ही गुरुवार शाबूत होते, हे आम्हां तिघांनाही एकाच वेळी कळले असावे.

अक्का मात्र थांबली नव्हती. ती हो किंवा नाही एवढ्यात बसतील असेच प्रश्न निवडून विचारू लागली. जेवलास? त्यांनी मान हलवली. गुडघा दुखतो? हलवली. वहिनी रागावली आहे? त्यांनी पत्नीकडे पाहिले आणि हलवली. अक्का हसली, बाजूच्या भिंतीकडे पाहत हसली. तिने स्वतःचे सांगितले, नातीच्या परीक्षेचे सांगितले, खिडकीतल्या झाडाची हिरवाई अजून कडेने दिसते म्हणाली. ते ऐकत होते. त्यांना सगळे ऐकू येत होते. त्यांच्या बाजूने देता येईल असे फक्त मस्तक उरले होते.

मग तिने नेहमीचे विचारले. "येतोस का?"

सवयीने त्यांचे ओठ हलले. गुडघा, असा पहिला शब्द मला स्पष्ट ऐकू आला. पण ऐकायला पलीकडे कान नव्हते आणि वाचायला डोळे नव्हते. सबबीला शब्द लागतात; मानेला फक्त दोन दिशा. अक्का त्यांच्यापासून तोंड फिरवून त्यांच्याकडे पाहत वाट बघत होती.

त्यांनी मान हलवली.

"नीट हलव. हो की नाही? मला अर्धवट दिसतं."

त्यांनी पुन्हा हलवली, कमरेपासून, खुर्ची करकरली इतकी.

"हो म्हणाला," अक्का आपल्या मुलाला म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता.

कॉल संपल्यावर ते बाहेर आले आणि पेटीसमोर थबकले. सदतीस वर्षांच्या नोकरीत आणि त्यानंतर त्यांनी उघडी टाकलेली ही पहिली पेटी. ते तिच्याकडे बराच वेळ पाहत उभे राहिले. दोष शोधणाऱ्याच्या चेहऱ्यावर दोष सापडल्याचा आनंद उमटतो. तो उमटला नाही. त्यांनी पत्नीला सांगितले, आत त्या खुणेकडे बघ आणि मी म्हणेन तेव्हा काय दिसतं ते बोल.

त्यांनी दार लावले. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "गेली." दार उघडले. "आली." पुन्हा लावले. "गेली." पुन्हा उघडले. तिसऱ्यांदा लावण्याची गरज नव्हती, पण त्यांच्या विद्येत तीनदा तपासतात, म्हणून त्यांनी तिसऱ्यांदा लावले. जाड लोखंडाच्या आत कोंडलेली हाक बाहेर पडत नव्हती. पेटी उघडून तपासावे तो सगळे ठीक, आणि ती नियमाने बंद करून आत जावे तो सगळे नाहीसे. त्यांची शिस्तच प्रत्येक वेळी त्यांच्या आधी आतल्या खोलीत पोचत होती आणि वाट बंद करत होती.

पत्नी बाहेर आल्या. या पेटीवर तीन आठवडे त्यांची जीभ चालली होती. त्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत. तारवाल्यांनी पेचकस आणला, बिजागऱ्यांचे आठ स्क्रू काढले आणि दार उतरवून भिंतीला टेकून ठेवले. त्यांच्या जुन्या सवयीची एक दोषवही अजून घरात आहे. तीत त्यांनी नोंद केली: कारण, पेटीचे दार, कालावधी, सोळा दिवस. जबाबदार इसम या रकान्यात त्यांनी आपले खरे नाव पूर्ण लिहिले. ते मी त्या वहीत पहिल्यांदा वाचले.

सायंकाळी त्यांनी भाच्याला फोन करून तिकीट काढायला सांगितले. मग भाच्याने विचारले, मामा, खरंच?

"मान हलवून बसलोय," ते म्हणाले. "शब्द असता तर फिरवला असता."

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. पासपोर्टचे कागद कुठल्याशा टेबलावर आहेत. दर दोन दिवसांनी तारवाले चौकशीला जातात आणि चेहरा पाडून परत येतात. जिना चढताना मध्येच थांबून मला विचारतात, खिडकीजवळची जागा मागून मिळते का हो विमानात, म्हणजे निदान जमीन दिसेल. दर गुरुवारी अक्का एकच प्रश्न विचारते, निघालास का, आणि त्यांना मान आडवी हलवावी लागते. ती म्हणते, बरं, सावकाश.

काल भाच्याचा फोन आला होता तेव्हा मी तिथे होतो. तो म्हणाला, आई हल्ली गुरुवारी अर्धा तास आधीच येऊन बसते. तिने आपली खुर्ची स्वतः ओढून पडद्यापासून तिरकी, खिडकीकडे तोंड करून ठेवली आहे. कोणी सरळ केली तर रागावते. तिकडे तोंड केले म्हणजेच तिला मामा दिसतो.